फॅक्समध्ये न उमटलेली पेन्सिल

दुपारी तीननंतर आमचं ऑफिस थोडं पाण्याखाली जायचं. निदान मला तसं वाटायचं. ठाण्याच्या नौपाड्यात दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्या, पिवळे पडदे, आणि खालून अधूनमधून येणारा दात कोरायच्या मशीनचा बारीक आवाज. तो आवाज सुरू झाला की सगळे जण क्षणभर जीभ दातांवरून फिरवायचे आणि परत आपापल्या कामात बुडायचे. माझं काम वाचण्याचं होतं. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड ओळीओळीने वाचायचा आणि त्यात काही चुकलंय का ते बघायचं.

नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. कॉलेज संपून वर्ष झालं होतं. "तू नक्की करतेस काय?" असं कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायचे. आई शेजारणींना सांगायची, "ती पेपर तपासते." त्यामुळे डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी शिक्षिका आहे असा समज होता. मी तो कधी दुरुस्त केला नाही. लोकांनी आपल्याबद्दल काहीतरी चुकीचं धरून चाललं की आपण सुरक्षित असतो, असं मला तेव्हा वाटायचं.

बंगलोरची एक कंपनी नवं मशीन बनवत होती. त्याला एक नाही, दोन प्रोसेसर असणार होते. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा अगदी आतला गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्या कर्नलमधला तारेवरून आलेला मजकूर आत घेणारा भाग, हे काम आमच्याकडे आलं होतं. तारेवरून मजकूर तुकड्यातुकड्याने येतो. प्रत्येक तुकडा मेमरीतल्या एका जागेत ठेवायचा, तो रांगेत लावायचा, पुढच्याने रांगेतून घेऊन वापरायचा आणि वापरून झाला की जागा मोकळी करून परत द्यायची, म्हणजे ती दुसऱ्या कशाला तरी मिळते. सर त्या जागेला डबा म्हणायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, माझ्या डोक्यात या सगळ्याला इंग्रजी शब्द होते. पण सरांनी डबा म्हटल्यापासून मला तो डबा दिसायला लागला. स्टीलचा, तळाशी नाव कोरायचं राहून गेलेला.

एकच प्रोसेसर असला की ओट्याशी एकच बाई. दोन प्रोसेसर म्हणजे एकाच ओट्याशी दोन बाया, दोघी चपळ, आणि दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. एकीने डबा रिकामा समजून घासून फळीवर ठेवला, तिथे तिसऱ्याच कुणीतरी त्यात मीठ भरलं, आणि दुसरीचा हात अजून त्या डब्यातच आहे. तिला वाटतंय आपण साखर घेतोय. असं होऊ नये म्हणून कोडमध्ये कुलूप असतं. एकाने कुलूप घेतलं की ते सोडेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. कुलूप कुठे घेतलंय आणि कुठे सोडलंय, आणि मधल्या वेळात कोण कुणाच्या डब्यात हात घालू शकतं, हे मी दिवसभर वाचायचे.

कोड सरांनी लिहिला होता. सर पन्नाशीचे. वीस-बावीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढून, पेन्शनला थोडीच वर्षं उरलेली असताना, ती नोकरी सोडून आमच्याकडे आले होते. स्वतःच शिकले होते, दुसऱ्यांची पुस्तकं हाताने उतरवून. आमच्या मालकांचा त्यांच्यावर सगळा भार होता. कुलूप समजावताना ते रेल्वेची गोष्ट सांगायचे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला एक टोकन द्यायचे. टोकन हातात असेल तरच पुढच्या टप्प्यात गाडी न्यायची, टप्पा ओलांडला की ते परत द्यायचं. "टोकन एकच असतं," ते बोट वर करून म्हणायचे, "म्हणून माणसं जिवंत आहेत."

आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. ती कुणी ठरवली नव्हती, कुठे लिहिलेली नव्हती. बरोबरीच्यांच्या कोडवरचे शेरे लाल पेनने लिहायचे. सरांच्या कोडवरचे पेन्सिलीने. शेऱ्यांचा एक छापील तक्ता असे: पान, ओळ, शेरा, आणि खाली वाचणाऱ्याची सही. शुक्रवारी जेवणानंतर सर तो तक्ता आणि खोडरबर घेऊन बसायचे. एकेक शेरा वाचायचे, आपल्याला बोलावून त्याचं उत्तर द्यायचे, गरज असेल तर कोड बदलायचे, आणि मग शेरा खोडून टाकायचे. रबराचा चुरा फुंकरीने उडवायचे. कोरा झालेला तक्ता आमच्या सहीसकट बंगलोरला फॅक्स व्हायचा. सही मात्र पेनने, आधीच केलेली असायची. आमच्यात सहीचा अर्थ होता, मी वाचलंय. बंगलोरमध्ये तिचा काय अर्थ लावतात हे आम्ही कधी विचारलं नाही.

माझ्या शेजारी एक मैत्रीण बसायची. ती मोहन्याहून यायची. तिचे वडील तिथल्या कारखान्यात होते, आणि त्यांच्या वस्तीत भीमजयंतीला भाषण करायला हिलाच उभी करायचे. आवाज असा की खाली खुर्चीत बसलेल्या पेशंटलाही धीर यावा. ती मला मौनीबाबा म्हणायची.

"मौनीबाबा, आज किती शब्द झाले?"

"चार."

"हा पाचवा धरला का?"

ऑफिसमध्ये फोन वाजला की मी फाईल शोधायला लागायचे. फोन तीच घ्यायची.

सरांच्या त्या कोडचा कागद जोडून जोडून आलेला होता, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला. बाकीचे लोक पानं फाडून वाटून घ्यायचे, काही तू वाच, काही मी वाचतो. मला कागद फाडवत नसे. मी तो गठ्ठा तसाच घरी न्यायचे. एका बुधवारी अर्धी रजा होती, तेव्हा तो घेऊन मी खाडीवर गेले. डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडी आहे, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. ओहोटी होती. चिखलावर होड्या कुशीवर पडलेल्या आणि कोळणी उन्हात जाळी पसरून बसलेल्या. मी एका पालथ्या होडीला टेकून कागद मांडीवर घेतला. तो उलगडत उलगडत पायांपाशी गेला, तिथून काठावरच्या कोरड्या मातीवर.

"काय गो पोरी, परीक्षा हाय का?" एका म्हातारीने विचारलं.

"नाही. वाचतेय."

"येवढा लांब?"

"हो."

ती हसली आणि परत जाळ्यात गेली. मी परत कोडमध्ये. अशा वाचण्याचं वर्णन करणं कठीण आहे. आधी ओळी ओळींसारख्या असतात. मग कधीतरी त्या वाहायला लागतात. तुकडे येतात, रांगेत लागतात, सरकतात, आपण एका डोळ्याने एका प्रोसेसरबरोबर जातो आणि दुसऱ्या डोळ्याने दुसऱ्याबरोबर, आणि आपण स्वतः कुठेच नसतो. मला ते नसणं फार आवडायचं. त्या दिवशी पाणी हळूहळू आत यायला लागलं होतं, होड्या एकेक करून सरळ होत होत्या, आणि मी सव्विसाव्या पानाच्या तळाशी पोचले. तिथे कुलूप सोडलं होतं. सत्ताविसाव्या पानाच्या माथ्यावर ते परत घेतलं होतं. मध्ये, पानाच्या घडीवर, एक काम होतं: रांगेतल्या पहिल्या डब्यातला मजकूर बरोबर आलाय का, ते बेरीज करून पडताळायचं. डबा रांगेतच ठेवून.

आणि पुढे एकेचाळिसाव्या पानावर, जोडणी बंद करणारा कोड. तो कुलूप घ्यायचा आणि रांगेतले सगळे डबे मोकळे करायचा.

मी दोन्ही पानं एकावर एक धरली. एक प्रोसेसर घडीवर असताना दुसरा एकेचाळिसाव्या पानावर आला तर? मी परत वाचलं. पलीकडच्या होड्यांखालून पाणी वाजायला लागलं. मला आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. भर दुपारच्या झोपेतून कुणीतरी नाव घेऊन उठवावं आणि जागं झाल्यावर घरात कुणीच नसावं, तसं काहीतरी वाटलं.

हे इतकं थोडक्या वेळाचं होतं की महिन्यात एकदा घडलं असतं, किंवा रोज. ऑफिसात आमच्याकडे एकाच प्रोसेसरचं मशीन होतं. त्यावर ते कधीच दिसलं नसतं. म्हणजे वाचण्यापलीकडे पुरावा नव्हता, आणि वाचणारी मी होते. सर चुकतील का? मला वाटलं, मलाच काहीतरी दिसत नाहीये. गुरुवारी मी तक्त्यावर टोक केलेल्या पेन्सिलीने अगदी बारीक लिहिलं, पान सव्वीस, शेवटची ओळ, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. त्याहून जास्त लिहायला हात धजला नाही. खाली सही केली. सर उद्या दुपारी बोलावतील, तेव्हा विचारू.

शुक्रवारी सर आले नाहीत. रविवारी दुपारी कल्याणहून त्यांना बंगलोरची गाडी होती. मंगळवारी नव्या मशीनवर त्यांचा कोड सगळ्यांसमोर चालवून बघणार होते, आणि ते तिकिटाच्या भानगडीत अडकले होते. शनिवारी ते तासभर येऊन कोड भरलेली टेप घेऊन गेले. जाताना दारातून माझ्याकडे बघून म्हणाले, "सगळं ठीक ना?" मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी होय धरलं.

ते गेल्यावर मैत्रिणीने फाईल लावायला घेतली आणि एक कागद माझ्यापुढे टाकला. "हे घे, तुझं बंगलोरवरून पास होऊन आलं."

माझा तक्ता होता. फॅक्समधून जाऊन फॅक्समधून परत आलेला. पान, ओळ, शेरा, सगळे रकाने स्वच्छ. तळाशी माझी सही, ठळक. आणि वर त्यांचा शिक्का, त्याखाली कुणाच्या तरी हाताने इंग्रजीत लिहिलेलं: शेरे नाहीत, मान्य.

"हे कधी गेलं?"

"काल. सारखे फोन करत होते ते. तुझी सही होती ना? मग मी लावलं मशीनला."

"अगं, पण सरांनी बघितलं नव्हतं. त्यावर शेरा होता."

"कुठे?" तिने मूळ तक्ता काढला, खिडकीशी नेला, तिरपा धरला. "हा? हा शेरा आहे? मला वाटलं डास मेलाय."

मग तिने माझं तोंड बघितलं आणि ती हसायची थांबली. तिला मी घडीची गोष्ट सांगितली. पाचापेक्षा बरेच जास्त शब्द लागले. ती लक्ष देऊन ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "मग जा ना त्यांच्या घरी. उद्या दुपारपर्यंत आहेत."

"मी चुकत असले तर?"

"तर ते तुला सांगतील. आणि चुकत नसलीस तर तो माणूस तिकडे शंभर लोकांत तोंडावर पडेल. तुझी सही घेऊन."

त्या शनिवारी मी घरी काय केलं ते मला आठवत नाही. आईने दोनदा विचारलं, बरं नाही का, एवढं आठवतं.

रविवारी सकाळी मी निघाले तेव्हा आईने विचारलं, "कुठे?"

"ठाकुर्लीला. सरांकडे. काम आहे."

"त्यांच्या घरी पहिल्यांदाच जातेस ना? रिकाम्या हाताने जाऊ नकोस." आणि तिने आदल्या दिवशी केलेल्या नारळाच्या वड्या एका डब्यात भरल्या. मी नको म्हणत होते. घरी पाहुणी म्हणून जाणं आणि मी जे करायला निघाले होते ते, यांचा काही मेळ बसत नव्हता. पण आईला ते समजावण्यापेक्षा डबा घेणं सोपं होतं.

एका पिशवीत कागदाचा गठ्ठा आणि तो मूळ तक्ता, दुसरीत डबा. रुळांच्या बाजूबाजूने जाणारा रस्ता होता. बंद पडलेलं पॉवरहाऊस उन्हात उभं होतं आणि त्याच्या भिंतीवर पिंपळ उगवले होते. सरांची बिल्डिंग त्याच्या पुढे. मी तिच्यावरून एकदा पुढे गेले, कोपऱ्यावरच्या दुकानात उगाच एक पेन घेतलं, परत आले, आणि परत पुढे गेले. तिसऱ्या वेळी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या, "अगं ए, घर शोधतेस का? कुणाकडे जायचंय?"

त्या सरांच्या पत्नी निघाल्या. कल्याणच्या एका शाळेत शिकवायच्या. त्यांनी मला आत घेतलं, पिशवीतून डबा काढून घेतला, पाणी दिलं. सर आतल्या खोलीत शर्टांना इस्त्री करत होते. पलंगावर बॅग उघडी होती आणि तिच्यात, कपड्यांच्या घडीवर, ती टेप. मला बघून ते चकित झाले. इस्त्री उभी करून ठेवली.

"सर, पान सव्वीस," मी म्हटलं. बसायच्याही आधी.

"काय झालं त्याला?"

मी गठ्ठा जमिनीवर पसरला, सांगायला लागले आणि मला सांगता येईना. मराठीत येईना आणि इंग्रजीतही येईना. बेरीज, कुलूप, घडी, सगळं एकात एक. सरांनी ऐकून घेतलं, आणि मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "अगं, बेरजेला वेळ लागतो. तेवढा वेळ कुलूप धरून ठेवलं तर तारेवरचं ऐकणार कोण? लाईन अडवून ठेवायची नसते. म्हणून मी मुद्दाम सोडलंय तिथे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. इथेच मी उठून गेले असते. पण काकू चहा घेऊन आल्या होत्या आणि जमिनीवर पसरलेला कागद बघत उभ्या होत्या. मला ऑफिसातली एक गोष्ट आठवली. कधीकधी काही कळेनासं झालं की दोघं दोन पानांवर बोट ठेवून बसायचे. एक जण एक प्रोसेसर, दुसरा दुसरा. तिसऱ्याने सांगायचं, आता तू एक ओळ पुढे, आता तू थांब.

"काकू, तुम्ही जरा या पानावर बोट ठेवाल?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळायची गरज नाही," सर म्हणाले. "ती चल म्हणेल तेव्हा चालायचं आणि थांब म्हणेल तेव्हा थांबायचं."

"मग येतं मला," काकू खाली बसत म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तेच करतेय."

डबा म्हणून काहीतरी समोर हवं होतं. मी एक बशी घेतली आणि तिच्यात एक नारळाची वडी ठेवली. कुलूप म्हणून त्यांच्याच टेबलावरची कपाटाची किल्ली. सरांचं बोट सव्विसाव्या पानावर, काकूंचं एकेचाळिसाव्यावर. "काकू, किल्ली हातात असल्याशिवाय तुम्ही पुढे जायचं नाही. आणि इथे लिहिलंय मोकळं करा. तिथे पोचलात की बशी मोकळी करायची."

"मोकळी म्हणजे?"

"म्हणजे त्यात काही ठेवायचं नाही."

सरांनी किल्ली उचलली. एक ओळ, दुसरी ओळ. पहिला डबा कोणता ते बघितलं, बोटाने बशीकडे खूण केली. पानाच्या तळाशी आले. कोडमध्ये लिहिलं होतं तशी त्यांनी किल्ली जमिनीवर परत ठेवली.

"सर, थांबा," मी म्हटलं. "काकू, चला."

काकूंनी किल्ली घेतली. बोटाने ओळी मोजत, ओठ हलवत, त्या पुढे गेल्या. मोकळं करा, या ओळीवर आल्या. माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, बशीतली वडी उचलली आणि खाऊन टाकली. मग किल्ली खाली ठेवली.

"छान झालीय," त्या म्हणाल्या. "आईने केली का?"

"हो. सर, आता तुम्ही चला. बेरीज."

सरांचं बोट घडीवर होतं. ते हललं नाही. ते रिकाम्या बशीकडे बघत होते. बाहेरून एक मालगाडी जात होती, लांबलचक, डब्यामागून डबा. काकूंना काय झालं ते कळलं नव्हतं. आपण चुकून पाहुण्यांसमोरचं खाल्लं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं.

"टोकन परत दिलं," सर शेवटी म्हणाले, "आणि गाडी टप्प्यातच उभी." ते हळू बोलले, जसं काही दुसऱ्या कुणाबद्दल. मग इस्त्रीपाशी गेले, तिचा प्लग काढला, आणि पाठमोरे म्हणाले, "बावीस वर्षं."

काकू पुढे काही बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. ती रेल्वेची नोकरी सोडल्याबद्दल त्या घरात काय काय बोललं गेलं असेल ते मला त्या एका गप्प बसण्यावरून कळलं. ते मी इथे लिहिणार नाही, कारण मी ते ऐकलेलं नाही.

सर परत येऊन बसले तेव्हा पेन्सिल घेऊन बसले. पाचेक मिनिटांत त्यांनी उपाय काढला. डबा रांगेत ठेवून पडताळायचा नाही. कुलूप हातात असतानाच तो रांगेतून काढून घ्यायचा, मग कुलूप सोडायचं, मग निवांत बेरीज करायची. रांगेत नसलेला डबा दुसऱ्याला दिसणारच नाही, तर तो मोकळा कसा करेल? लाईनही अडत नाही. तीन ओळी वर न्यायच्या होत्या, बस. त्यांनी काकूंना परत बोट ठेवायला लावलं. या वेळी सरांनी आधी बशी उचलून आपल्या मांडीवर घेतली. काकू एकेचाळिसाव्या पानावर पोचल्या, मोकळं करायला काहीच नव्हतं, आणि त्यांनी हात रिकामे करून दाखवले.

"तू हे तक्त्यावर लिहिलं नाहीस?" सरांनी विचारलं.

मी मूळ तक्ता काढून दिला. त्यांनी चष्मा वर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला, मग गॅलरीच्या उजेडात.

"एवढं बारीक?"

"तुमचा कोड होता," मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ त्या प्रश्नचिन्हाकडे बघितलं. रागावले असतील असं वाटलं. मग त्यांना आठवलं असावं. "खोडायला मी नव्हतो," ते म्हणाले. "आणि फॅक्समध्ये..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "पेन आहे तुझ्याकडे?"

कोपऱ्यावरच्या दुकानातलं पेन होतं.

"लिही. प्रश्नचिन्ह नको. काय होतं ते लिही. पूर्ण."

मी लिहिलं. अडीच ओळी झाल्या. माझं अक्षर वाकडं आलं, कारण काकू वरून वाचत होत्या. सरांनी तो तक्ता टेपच्या वर ठेवला आणि बॅग बंद केली. तो कागद तिकडे दाखवायची काही गरज नव्हती. तीन ओळी गुपचूप बदलल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. हे मला परत येताना पॉवरहाऊसपाशी सुचलं, आणि मी उन्हात तिथेच थांबले.

आईच्या डब्यात काकूंनी शेवग्याच्या शेंगा मोडून भरल्या होत्या. काही मावल्या नव्हत्या म्हणून झाकण तिरकं बसलं होतं.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळपासून मी एकच पान वाचत होते. मालक आपल्या खोलीत दोनदा उठले आणि परत बसले. जेवण झालं, पडद्यांवर ऊन आलं, खालचं मशीन सुरू झालं आणि बंद झालं. ऑफिस पाण्याखाली जायची वेळ झाली तेव्हा फोन वाजला. मी फाईल शोधायला लागले.

मैत्रिणीने घेतला. "हो सर. हो. आहे ना, इथेच आहे, टेबलाखाली शिरतेय." आणि रिसिव्हर माझ्यापुढे धरला.

"त्यांनी तक्ता वाचला," पलीकडून सर म्हणाले. आवाज लांबून येत होता, मध्ये समुद्रासारखी खरखर. "मान्य केलेल्या कोडमध्ये आयत्या वेळी बदल कशाला, म्हणताहेत. पहिल्या कागदावर तर काहीच नव्हतं, म्हणाले. मी सांगितलं, होतं. पेन्सिलीत होतं, आमच्याकडे माझ्यासाठी पेन्सिल वापरतात, ही माझी चूक. आता कोड कुणी वाचला ते विचारतायत. सही तुझी आहे. मी फोन त्यांना देतो. तू सांग."

"सर, तुम्हीच..."

"मी लिहिणारा. मला कसं दिसणार?"

मग फोनमध्ये कुणीतरी दुसरं आलं. इंग्रजी, घाईतलं, फार सभ्य. त्यांच्या मागे आणखी दोघांचे आवाज होते. मी म्हटलं, पान सव्वीस. ते म्हणाले, हो, बघतोय, इथे तर कुलूप व्यवस्थित सोडलंय. मी म्हटलं, हो. मग माझ्या तोंडून काही येईना. मैत्रीण समोर उभी होती. तिने खुर्ची ओढून माझ्या मागे सरकवली. मी बसले. डोळे मिटले. खाडीचं पाणी होडीखाली वाजत होतं तसं खरखरत होतं फोनमध्ये, आणि दोन्ही पानं मला स्वच्छ दिसत होती, मधल्या घडीसकट.

"तुमच्यापैकी एकाने पान सव्वीस घ्या," मी इंग्रजीत म्हटलं, "आणि एकाने एकेचाळीस. बोट ठेवा. कुलूप म्हणून एक किल्ली घ्या." आणि मग विचारलं, "तिथे तुमच्याजवळ खायला काही आहे का?"

पलीकडे गोंधळ झाला. मागे सरांचं हसू ऐकू आलं, मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, बिस्किट आहे, चालेल?

"चालेल. ते बशीत ठेवा. ज्याचं बोट एकेचाळीसवर आहे त्याने, मी सांगेन तेव्हा, ते खायचं."

मी त्यांना एकेक ओळ पुढे नेलं. किल्ली घ्या. पहिला डबा बघा. किल्ली खाली ठेवा. तुम्ही थांबा, दुसऱ्यांनी चला. आमच्या खोलीत सगळे उठून आले होते, मालकही दारात उभे होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मोकळं करा, मी म्हटलं.

तारेतून बिस्किट मोडल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"आता बेरीज करा," मी म्हटलं, आणि वाट बघत राहिले.